ज्या पाण्याचा जीव

मृगाचा पाऊस जवळ आला की आमच्या घरात एक काम कोणी न सांगता सुरू होते. अंगणातील फरशी घासून कोरडी करायची, मोरीच्या कडेच्या भेगा चुन्याने बुजवायच्या, पन्हाळीखाली पाणी साचेल अशी एकही जागा ठेवायची नाही. हेतू एकच, शेवाळ धरू नये. एकदा धरले की ते खरवडणे म्हणजे असंख्य जीवांची विराधना, आणि त्यावरून चालणे म्हणजेही तेच. म्हणून ते येण्याआधीच त्याची वाट बंद करावी, ही आमच्या सासूबाईंची शिकवण आणि त्यांच्या सासूबाईंचीही. ईसापूरच्या कालव्यामुळे डोंगरकड्याच्या परिसरात केळीचे मळे वाढले. मळ्यांबरोबर गावात ओलही वाढली. त्यामुळे हे काम आमच्याकडे दरवर्षी थोडे अधिकच करावे लागते.

अशा घरात शेवाळाचा एक गोळा पाहुणा म्हणून आला, आणि गेली अडीच वर्षे तो आमच्याकडे राहतो आहे. त्याने आम्हाला जे विचार करायला लावले, ते समाजातील भगिनींपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची धाकटी लेक पुण्यास शिकते. एका दिवाळीच्या सुट्टीत तिने काचेची रुंद तोंडाची बरणी आणली. आत स्वच्छ पाणी, तळाशी चार खडे आणि लिंबाएवढा गर्द हिरवा, मखमलीसारखा गोळा. शहरात याला ‘मॉस बॉल’ म्हणतात. टेबलावर ठेवण्याची ही नवी हौस. माती नको, कुंडी नको, खत नको. पाणी बदलले की झाले, असे दुकानदाराने तिला सांगितले होते.

नावाचा घोळ आधी दूर केला पाहिजे. याच नावाने रोपवाटिकांत आणखी एक वस्तू मिळते. रोपाच्या मुळांभोवती मातीचा गोळा करायचा, त्यावर शेवाळी गुंडाळून दोऱ्याने बांधायची आणि तो टांगायचा. जपानी भाषेत त्याला ‘कोकेदामा’ म्हणतात. आमच्या बरणीतील जीव त्याहून निराळा. तो ‘मारिमो’. खरे पाहता तो मॉस नव्हेच. मॉस म्हणजे दगडांवर, झाडांच्या खोडांवर उगवणारी शेवाळी. तिला इवली पाने असतात. मारिमो हे पाण्यातील हिरवे शैवाल आहे, शास्त्रीय नाव ‘एगाग्रोपिला लिनेई’. त्याच्या आत बी नाही, खडा नाही, गाभाही नाही. केसांहून बारीक तंतू मध्यापासून चोहोबाजूंना वाढत जातात आणि थंड सरोवराच्या तळाशी लाटांच्या हेलकाव्याने तो गोळा हळूहळू लोळत राहतो. लोळतो म्हणून सर्व बाजूंना ऊन मिळते, आणि सर्व बाजूंना ऊन मिळते म्हणून तो गोल राहतो. वाढ वर्षाला जेमतेम पाच मिलिमीटर. आमच्या हातातील लिंबाएवढा गोळा कितीतरी वर्षांचा असू शकेल, हे कळल्यावर घरातील सर्वांचा त्याच्याकडे पाहण्याचा भाव बदलला.

सासूबाईंचा मात्र पहिल्या दिवसापासून आक्षेप होता. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. पाणी गाळण्याचे वस्त्र आजही स्वतःच्या हाताने धुऊन वाळवतात. बरणी पाहून त्यांनी लेकीला जवळ बसवले आणि शांतपणे तीन प्रश्न विचारले.

“बाळ, गाळलेल्या पाण्याची मर्यादा किती?”

“दोन घटका, आजी. अठ्ठेचाळीस मिनिटे.”

“मग हे पाणी पंधरा दिवस बरणीत ठेवायचे, त्यात किती जीव उपजतील? दुसरे, शेवाळ हे साधारण वनस्पतीत मोडते. एका शरीरात अनंत जीव. ते आपण अंगणात येऊ देत नाही आणि दिवाणखान्यात विकत आणून ठेवतो, हे कसे? आणि तिसरे, हे कशासाठी? औषधासाठी नाही, पोटासाठी नाही. नुसते बघायला. ज्या आरंभाला काही प्रयोजनच नाही, त्याला आपल्याकडे काय म्हणतात?”

लेक हळूच म्हणाली, “अनर्थदंड.”

खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, “आता आणलेच आहे तर टाकून देता येणार नाही. जीव आहे. त्याची नीट व्यवस्था करा.” या एका वाक्याने आमच्या घरातील मारिमोच्या संगोपनाचा आरंभ झाला.

थंड प्रदेशातला हा जीव. पंचवीस अंशांहून अधिक उष्णता त्याला मानवत नाही, आणि आमच्याकडे वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्यामुळे दुकानदाराने सांगितलेली ‘काहीच करावे लागत नाही’ ही गोष्ट मराठवाड्यात लागू पडत नाही. अडीच वर्षांत अनुभवाने जे बसले, ते सांगते.

जागा. बरणी खिडकीत ठेवू नये. थेट ऊन लागले की काच तापते, पाणी तापते आणि गोळा पांढुरका किंवा तपकिरी पडू लागतो. आमच्याकडे ती माजघराच्या उत्तरेकडील भिंतीशी, माठाच्या शेजारी असते. तेथे दिवसभर मंद उजेड येतो आणि माठाचा गारवाही मिळतो. दर दोन-चार दिवसांनी बरणी थोडी फिरवायची, म्हणजे एकाच अंगाला उजेड मिळत नाही. सरोवरात लाटा जे करतात ते घरात आपल्याला करावे लागते.

पाणी. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा वास असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून सकाळी दुहेरी वस्त्राने गाळून घ्यायचे. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, पण त्याचा गोळ्यास त्रास झालेला दिसला नाही. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी आणि उन्हाळ्यात सहा-सात दिवसांनी पाणी बदलतो. बरणीच्या तोंडावर पातळ सुती फडके बांधलेले असते, म्हणजे डास अंडी घालत नाहीत आणि वरून काही पडून मरत नाही. सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर यात नाही, हे मला मान्य आहे. यत्नाचार एवढाच की जे टाळता येईल ते टाळावे.

हाताळणी. पाणी बदलताना गोळा पिळावा, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. आमच्याकडे तो पिळत नाहीत. पसरट भांड्यात ताजे पाणी घेऊन त्यात तो अलगद सोडायचा, तळहाताने दोन-चार वेळा लोळवायचा, की तंतूंत अडकलेला गाळ आपोआप सुटतो. साबण लागलेला हात किंवा भांडे चालत नाही. खताची आवश्यकता नाही.

उन्हाळा. चैत्र-वैशाखात दुपारी बारापासून पाचपर्यंत बरणीभोवती ओले फडके गुंडाळतो, जसे माठाला गुंडाळतात. फारच तापले तर बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवतो. थंडीने त्याचे काही बिघडत नाही; त्याचे मूळ सरोवर हिवाळ्यात गोठते आणि तो बर्फाखाली सुखाने राहतो.

पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रसंग आला. अवकाळी वादळाने विजेचे खांब पडले आणि दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी गोळ्याची एक बाजू तपकिरी दिसू लागली. वास मात्र येत नव्हता. आत कुजला असता तर आला असता. आम्ही सारे लग्नसराईच्या गिऱ्हाइकीत बुडालेलो. त्या वेळी सासूबाईंनी बरणी आपल्या खोलीत नेली. दर दोन तासांनी फडके ओले करणे, सायंकाळी पाणी बदलणे, तपकिरी बाजू उजेडापासून वळवून ठेवणे, हे सारे त्यांनी केले. दीड महिन्यांनी त्या डागावर नवे हिरवे तंतू दिसले. ज्यांनी त्याला घरात आणण्यास विरोध केला, त्यांनीच त्याला जगवले, याचे तेव्हा मला नवल वाटले. आता वाटत नाही. आणू नये असे म्हणणारा आणि आणल्यावर जपणारा माणूस एकच असतो. दोन्हींच्या मुळाशी तोच विचार आहे.

हिवाळ्यातील एका सकाळी लेकीने हाक मारली. गोळा तळ सोडून पाण्यावर तरंगत होता. कोवळा उजेड मिळाला की तंतूंमध्ये प्राणवायूचे बारीक बुडबुडे अडकतात आणि ते त्याला वर उचलतात. बुडबुडे सुटले की तो पुन्हा खाली बसतो. शास्त्र एवढेच. पण सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एकेंद्रिय खरा, पण उजेड कळतो हो त्याला.”

त्या सुट्टीत लेकीने या जीवाची माहिती मिळवून रोज रात्री आजीला सांगण्याचा क्रम ठेवला. जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर आकान नावाचे सरोवर आहे. सर्वांत सुंदर मारिमो तेथे होतात. काही तर फुटबॉलहून मोठे. जपानी भाषेत ‘मारि’ म्हणजे चेंडू आणि ‘मो’ म्हणजे पाण्यातील शैवाल. जपान सरकारने १९२१ साली त्यांना नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिले आणि १९५२ साली त्याहून वरचा दर्जा दिला. तरीही मधल्या काळात त्यांची फार हानी झाली. भोवतालची जंगले तुटली आणि गाळ सरोवरात आला. वीजनिर्मितीसाठी पाणी काढल्याने पातळी उतरली आणि काठावरचे गोळे उघडे पडून वाळले. उरलेले लोकांनी शोभेसाठी नेले, विकले.

तेव्हा तेथील लोकांनी आवाहन केले की ज्यांनी मारिमो नेले असतील त्यांनी ते परत करावेत. दूरदूरच्या गावांतून लोकांनी ते परत पाठवले. त्याच्या स्मरणार्थ १९५० पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आकानच्या काठी उत्सव होतो. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी म्हणजे आइनू लोक. त्यांचे वृद्ध प्रमुख होडीत बसून सरोवरात जातात आणि मारिमो दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडतात.

हे ऐकताच सासूबाई उठून बसल्या. “अगं, ही तर जिवाणी!” त्या म्हणाल्या.

आजच्या पिढीतील वाचकांसाठी थोडे सांगते. पाणी गाळल्यावर वस्त्रात जे सूक्ष्म जीव राहतात, ते फेकून द्यायचे नसतात. गाळलेल्या पाण्याची धार वस्त्राच्या उलट बाजूने सोडून ते जीव एका भांड्यात घ्यायचे आणि जेथून पाणी आणले तेथेच पोहोचवायचे. सासूबाईंच्या तरुणपणी वाड्यातील आडावर तळाशी कडी असलेली बादली होती. ती पाण्यापर्यंत खाली सोडायची आणि मग उलटी करायची, म्हणजे जीव उंचावरून आपटत नाहीत. यात एक बारीक नियम आहे. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत सोडायची नाही. ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात. लहानपणी हा नियम मला केवळ काटेकोरपणा वाटे. त्याचा अर्थ मला मारिमोने शिकवला.

यंदाच्या वैशाखात आमच्या मुलाचे लग्न झाले. माघात याद्या सुरू झाल्या आणि पाहुण्यांना रिटर्न गिफ्ट काय द्यावे, हा विषय निघाला. स्टीलचे डबे सर्वांकडे झालेले, चांदीची नाणी परवडत नाहीत. पुतण्याने सुचवले की छोट्या काचेच्या बाटल्यांतून मारिमो द्यावेत, वर वधूवरांच्या नावाची चिठ्ठी. प्लास्टिक नाही, खर्च बेताचा, आणि आपल्या भागात कोणी दिलेले नाही. चारशे नग लागले असते. पुण्याच्या एका विक्रेत्याचा भावही त्याने काढला होता. मुले उत्साहात होती आणि, खरे सांगायचे तर, कल्पना देखणी होती.

यजमानांनी वही पुढे ओढली. आमची आडत तीन पिढ्यांची. कोणतीही गोष्ट ते आधी हिशेबात घालून पाहतात. त्यांनी विचारले, “माल कोठून येणार? वाटेत किती दिवस? पुण्याहून वैशाखात गाडीने येईल, मांडवात ठेवला जाईल, मग पाहुण्यांबरोबर परभणी, लातूर, नांदेड, वाशीमला जाईल. घट किती धरायची?”

पुतण्या म्हणाला, “काका, शेकडा वीस-पंचवीस जातील फार तर. चारशेऐवजी पाचशे मागवू.”

यजमानांनी पेन खाली ठेवले. ते म्हणाले, “हळदीत घट धरतो, सोयाबीनमध्ये धरतो. ओलावा उडतो, पोती फाटतात. ते समजू शकते. जिवात घट कशी धरायची?”

मला वाटते, आपल्या व्यापारी घरांनी या वाक्यावर थांबून विचार करावा. व्यापारात घट हा रोजचा शब्द आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ज्या मालाची घट म्हणजे मरण, तो माल आपल्या वहीत कोणत्या खात्यावर लिहायचा?

पुढचे लेकीने सांगितले. बाजारात मिळणारे गोळे बहुधा परदेशातील सरोवरांतून काढलेले असतात. काही सुटे तंतू हाताने वळून केलेले असतात. आकानचे मारिमो काढण्यास कायद्याने बंदी आहे, म्हणून मागणी दुसऱ्या सरोवरांवर पडते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांच्या दुकानांत युक्रेनमधून आलेल्या अशा गोळ्यांत झेब्रा शिंपले सापडले. हे नखाएवढे शिंपले एकदा पाण्यात शिरले की वाढत जाऊन जलवाहिन्या बुजवतात आणि मूळच्या जीवांचे अन्न संपवतात. तेथील शासनाने घरोघरी सूचना दिल्या की गोळे गोठवा, उकळा किंवा ब्लीचमध्ये बुडवा आणि मगच कचऱ्यात टाका. नदीत, तलावात, गटारात सोडू नका. हौसेने आणलेले जीव लोकांना स्वतःच्या हाताने उकळावे लागले. शासनाचा आदेश योग्यच होता. तसे न करते तर पुढे त्याहून मोठा संहार झाला असता. पण मुळात ते आणलेच नसते तर?

आइसलँडमधील म्यिवात्न सरोवरातही हे गोळे विपुल होते. सांडपाणी आणि खाणकामाने पाण्यात पोषक द्रव्ये वाढली, पाणी गढूळ झाले, तळापर्यंत ऊन पोहोचेना, आणि २०१४ च्या सुमारास ते तेथून जवळजवळ नाहीसे झाले. शेकडो वर्षे एका जागी लोळत राहिलेला जीव पाणी बिघडताच काही वर्षांत संपला.

आता जिवाणीचा तो नियम पुन्हा पाहावा. आमच्या बरणीतील मारिमो उद्या नकोसा झाला, तर आम्ही त्याला कोठे सोडणार? आडात सोडला तर उष्ण पाण्यात तो मरेल. कालव्यात सोडला आणि त्याच्या तंतूंत दुसरे काही दडलेले असेल, तर ते आपल्या पाण्यातील जीवांवर उठेल. त्याचे पाणी हजारो कोस दूर आहे आणि ते कोणते, हेही आम्हाला ठाऊक नाही. ज्याला परत पोहोचवता येत नाही त्याला उचलू नये, हा अर्थ त्या जुन्या कडीच्या बादलीत दडलेला होता.

बैठक फार लांबली नाही. चारशे बाटल्यांचा बेत पुतण्यानेच मागे घेतला. पाहुण्यांना आम्ही नांदेडहून आणलेले जाड खादीचे पाणी गाळण्याचे वस्त्र दिले, शास्त्रात सांगितलेल्या मापाचे, छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद, की दुहेरी केल्यावर माठाच्या तोंडावर नीट बसावे. सोबत जिवाणी कशी करावी, याच्या चार ओळी सासूबाईंनी सांगितल्या आणि लेकीने लिहिल्या. काही तरुण मंडळींनी ते घडी करून पिशवीत टाकले असेल. पण दोन-तीन घरांतून मागाहून फोन आले की जिवाणी विहिरीत सोडायची, पण आता विहीरच नाही, नळ आहे, तर काय करावे? हा प्रश्न विचारला जाणे हीच मला त्या वस्त्राची किंमत वाटते. त्याचे उत्तर जाणत्या त्यागी मंडळींनी या मासिकातून द्यावे, अशी विनंती आहे.

ज्या भगिनींच्या घरी असा गोळा आधीच आहे, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये आणि तो फेकूनही देऊ नये. त्याला उन्हापासून दूर ठेवावे, गाळलेले गार पाणी द्यावे, बरणीचे तोंड वस्त्राने झाकावे. काढलेले पाणी गटारात न सोडता अंगणातील कुंडीत, सावलीत सोडावे. गोळा विहिरीत, तलावात, नदीत कधीही सोडू नये. आणि हौस म्हणून दुसरा आणू नये. हिरवे काही हवेच असेल तर आपल्या मातीतील कोरफड आहे, गवती चहा आहे, ओव्याचे पान आहे. ती आपल्या उन्हात सुखाने वाढतात आणि प्रयोजनालाही येतात.

लेकीने मध्यंतरी विचारले, “आई, हे मारिमो शंभर वर्षांहून अधिक जगू शकतात म्हणे. मग पुढे याचे कोण करील?” मी तिला यजमानांची वही दाखवली. आमच्याकडे अनामत नावाचे एक पान असते. दुसऱ्याची जी वस्तू आपल्याकडे ठेवायला दिलेली असते, तिची नोंद त्या पानावर होते. ती आपल्या भांडवलात धरायची नसते आणि तिच्यावर नफाही घ्यायचा नसतो, फक्त जपायची असते. लग्नानंतरच्या आठवड्यात त्या पानावर यजमानांनी एक ओळ लिहिली आहे : ‘पाण्यातील एक जीव. धनी दूर. सांभाळ घरातील सर्वांकडे.’ नव्या सूनबाईंनी ती ओळ वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून बरणीचे पाणी बदलण्याचे काम आपल्याकडे घेतले.